एकट्यानं निघालं की वाजतं

आवाज पहिल्यांदा आला तो एका मंगळवारी सकाळी. तारमास्तर दूध आणायला निघाले होते. गाडी गल्लीच्या फरशीवर आली आणि कुठूनतरी सुरू झालं, खट्-टिक. टिक. खट्-टिक. त्यांनी गाडी थांबवली, आवाज थांबला. निघाले, पुन्हा हजर. ओळख नसताना मागे लागलेल्या मांजरासारखा तो दुधाच्या दुकानापर्यंत आला आणि घरापर्यंत पोचवायलाही आला.

तारमास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. ते तारखात्यात होते. तारा बंद झाल्या, खातं आवरलं, टेबलखुर्च्या कुणीकुणी नेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकतीस वर्षं या माणसानं कानांवर पोट भरलं. यंत्राची कटकट ऐकायची आणि कागदावर अक्षरं उतरवायची. कुणाला मुलगी झाली, कुणाची बदली झाली, कुणाचा बाप गेला. त्या कामाचा एकच नेम होता आणि तो मोडलेला त्यांना आठवत नव्हता : आलं तेवढंच लिहायचं. मधलं अक्षर निसटलं तर अंदाजानं भरायचं नाही, समोरच्याला पुन्हा पाठवायला लावायचं.

त्यामुळे त्या मंगळवारीही सवयीनं त्यांची बोटं हँडलवर अक्षरं जुळवू लागली. खट्-टिक, टिक. काहीच जुळलं नाही. त्यात निरोप नव्हता, नुसता आवाज होता. त्यांना उगीचच वाईट वाटलं.

गाडी जुनी, लेक पोटात होती तेव्हा घेतलेली. काळ्या टाकीवर दोन्ही बाजूंना मास्तरांच्या गुडघ्यांनी घासून घासून दोन फिकट चंद्र उमटले होते. किक मारली की आधी खोकायची, घसा साफ करायची, मग बोलायची. मागच्या सीटवर बत्तीस वर्षं एकच माणूस बसलं. शेजारीपाजारी तिला मास्तरीणबाई म्हणत. मास्तर तिला 'अगं' म्हणत, आणि 'अगं' एवढं दोन अक्षरी नाव तिला पुरलं. दोन्ही पाय डावीकडे टाकून, एक हात मास्तरांच्या खांद्यावर ठेवून ती बसायची आणि रस्ताभर काहीबाही ओळी जुळवायची. वाऱ्यात अर्ध्या उडून जायच्या, उरलेल्या मास्तरांच्या मानेवर येऊन पडायच्या.

*रस्त्याला गं वळण, वळणावर झाड बाई,*
*पुढच्या माणसाला मागचं दिसत नाही.*

"मागे बघायला आरसा आहे," मास्तर म्हणायचे.

"आरशात रस्ता दिसतो. मी कुठं दिसते?" ती म्हणायची.

खरंच दिसायची नाही. खांद्यावरच्या हातावरून मागे कुणीतरी आहे एवढं समजायचं. तो हात जाऊन आता सव्वा वर्ष झालं होतं.

पहिल्या आठवड्यात मास्तरांनी आवाजाचं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात लेक भेटायला आली तेव्हा जेवताना सहज बोलून गेले. लेक हिशेबी, हातासरशी काम उरकणारी. म्हणाली, "चला, आत्ताच बघू." आणि आईच्या जागी बसली, दोन्हीकडे पाय टाकून.

"ऐक हां," म्हणून मास्तरांनी गाडी फरशीवर घातली. काही नाही. गल्लीचं टोक आलं, वळले, परत आले. इंजिन आपलं सुरात.

"कुठंय?"

"आत्ता येईल."

"बाबा, तिसरी फेरी आहे ही. समोरच्या काकूंनी दोनदा हात केला. आता विचारतील, काय हरवलंय म्हणून."

मास्तर हसले, पण घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवताना त्यांचा हात दोनदा चुकला. लेकीनं ते पाहिलं.

पुढच्या आठवड्यात ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. कानात दिवा घालून पाहिलं, कानांवर चकत्या लावून बारीक-मोठे सूर ऐकवले. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "वयाच्या मानानं कान उत्तम. पण या वयात नसलेले आवाजही येतात कधीकधी. एकटं राहणाऱ्यांना जास्त." 'एकटं' हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला. मास्तरांनी तोही नीट ऐकला.

त्या रात्रीच लेकीचा फोन आला.

"बाबा, मी स्पष्टच बोलते. उद्या तुम्हाला नसलेला हॉर्न ऐकू येईल, नाहीतर असलेला येणार नाही. मला इथे कामात लक्ष लागत नाही. गाडीला एकानं विचारलंय. विकून टाकू, आणि तुम्ही आमच्याकडे राहायला या."

"आणि आवाज खरा असला तर?"

"तर मिस्त्रीला ऐकू येईल ना? मिस्त्रीनं स्वतःच्या कानांनी ऐकला आणि दुरुस्त केला, तर मी तोंड उघडणार नाही. गाडी तुमची, घर तुमचं, तुम्ही तुमचे. पण रविवारपर्यंतच. कबूल?"

"कबूल."

बोलून तर गेले. पण एक गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली नव्हती, आणि तीच त्यांना कुरतडत होती. आवाज कधी येतो नि कधी येत नाही, हे त्यांनी एका वहीच्या पाठीवर टिपून ठेवलं होतं. थंड गाडी, तापलेली गाडी, भरलेली टाकी, रिकामी टाकी, कशाचाच मेळ बसत नव्हता. बसला तो एकाच गोष्टीचा. एकटे असले की वाजायचं. कुणी मागे बसलं, समोरच्या काकूंना दवाखान्यात सोडायचं म्हणून असो की लेक असो, की गप्प. माणूस जवळ आलं की थांबतं, माणूस गेलं की सुरू होतं. असला आवाज गाडीत कसा असेल? असला आवाज कुठे असतो हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं.

*

मिस्त्रीचं गॅरेज मोठ्या रस्त्यावर होतं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाची टकळी चालू. मास्तरांची गाडी त्याच्या बापानं पहिल्यांदा खोलली होती आणि त्याला बापाची नि गाडीची सारखीच भीती वाटे.

बुधवारी त्यानं गाडी मधल्या स्टँडवर चढवली. साखळी ताणून पाहिली. साखळीवरचं झाकण हलवलं. सायलेन्सरची पट्टी, नंबराची पाटी, मडगार्डचे नट, हत्यारांची पेटी, एकेकावर टिचकी मारत फिरला. लांब पेचकसाचं टोक इंजिनला लावून मूठ कानाला लावली नि डोळे मिटून उभा राहिला, बाळाचे ठोके ऐकत असल्यासारखा.

"मास्तर, बाई ठणठणीत आहे. माझ्या बायकोची तब्येत इतकी बरी असती तर मी देवाला पेढे वाटले असते."

"उभ्याउभ्या नाही येत. चालवताना येतो."

"मग चालवू. द्या किल्ली."

"किल्ली नाही. तू मागे बस."

हे मिस्त्रीला ठाऊक होतं. मास्तर गाडी कुणाच्या हातात देत नसत. त्याच्या बापालाही कधी दिली नव्हती. दुरुस्ती झाली की पहिली फेरी मास्तरांची, मिस्त्रीनं हवं तर मागे बसून ऐकावं, ही दोन पिढ्यांची रीत. मिस्त्री मुकाट मागे बसला. त्याच्या वजनानं गाडी हातभर दबली. मोठ्या रस्त्यावर गेले, नाही वाजलं. बाजाराच्या खड्ड्यांतून गेले, नाही वाजलं.

"डॉक्टरसमोर पोट दुखायचं थांबतं, तशातलं आहे हे," मिस्त्री मागून ओरडला.

गुरुवारी दुसरा प्रयोग झाला. मास्तर पुढे आणि मिस्त्री आपल्या स्कूटरवर बाजूनं. मास्तरांना खट्-टिक स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांनी हातानं खुणावलं, आत्ता, आत्ता! मिस्त्रीनं मान वाकडी केली, स्कूटर जवळ आणली, आणखी जवळ आणली, आणि एका हातगाडीवर जाता जाता वाचला.

"माझ्या खटाऱ्याच्या ढणढणाटात तुमची टिकटिक काय ऐकू येणार, मास्तर? सनईशेजारी कुणी कुजबुजावं तसं."

शुक्रवारी दुपारी मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन मास्तरांच्या दाराशी आला, कारण मास्तर म्हणाले होते की आवाज गल्लीच्या फरशीवर सगळ्यात जास्त येतो. पुन्हा दोघे मागेपुढे बसून फिरले. पुन्हा काही नाही. दारात येऊन उतरल्यावर मिस्त्री पायरीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"मी ताईंना फोन करून सांगतो, ऐकला म्हणून. एक नट पिळल्यासारखा करतो, झाली दुरुस्ती. तुम्ही तुमचे फिरा. मला गाडी माहितीय. तिच्यात काही नाही. आणि तुम्हीही मला माहितीये."

शब्द मायेचे होते, म्हणूनच जास्त लागले. मास्तर पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"तू ऐकलास का?"

"नाही."

"मग सांगू नकोस. एकतीस वर्षं मी न आलेलं अक्षर लिहिलं नाही. आता माझ्यासाठी दुसऱ्यानं लिहावं?"

मिस्त्रीनं गुडघ्यावरची टोपी उलटी करून पाहिली. समोरच्या काकूंच्या खिडकीत कपडे वाळत होते. गल्ली दुपारची पेंगुळली होती.

"मी सांगतो काय होतंय ते," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगून टाकलं. "एकट्यानं निघालं की वाजतं. मागे कुणी बसलं की थांबतं."

मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"एकट्यानं म्हणजे, मागची सीट रिकामी?"

"हो."

"अहो मग!" मिस्त्री ताडकन उठला, टोपी खाली पडली. "अहो मग मला मागे बसवून काय ऐकवता? मागे बसलो की थांबणारच ना तो! मला एकट्याला जाऊ द्या. किल्ली द्या."

मास्तर हलले नाहीत.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. गाडी घेतली त्या पहिल्याच दिवशी खात्यातल्या एका दोस्तानं 'एकच चक्कर' म्हणून नेली आणि आरसा फोडून, टाकीला पोचा पाडून परत आणली. ती दारातच उभी होती, पोटावर हात ठेवून. म्हणाली, "हे बघा, हँडल तुमच्या हातात असेल तरच मी हिच्यावर बसणार. दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली गाडी मला नको." तेव्हापासून एकदाही किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली नाही. आता तिला बसायचं नव्हतं, तरी शब्द होता तिथेच होता. मास्तरांच्या खिशात, किल्लीसोबत.

"मास्तर, परवा रविवार आहे," मिस्त्री हळूच म्हणाला.

मास्तरांनी किल्ली काढली. तळहातावर ठेवून एकदा पाहिली. मग मिस्त्रीच्या हातात न देता पायरीवर, दोघांच्या मध्ये ठेवली. मिस्त्रीनं ती उचलली.

"सांभाळून. दुसरा गिअर जरा—"

"माहितीये."

"आणि क्लच—"

"मास्तर, माझ्या बापानं तिची क्लचकेबल बदलली तेव्हा मी पाळण्यात होतो."

"तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास."

"मोठा पाळणा होता," म्हणत मिस्त्रीनं किक मारली.

गाडी गेली. तिच्या मागे थोडा धूर, मग तोही नाही. मास्तर उठून दारात, उंबऱ्यापाशी उभे राहिले, आणि तिथे उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ही त्यांची जागा नव्हे. ही तिची जागा. संध्याकाळी कामावरून यायचे तेव्हा ती इथे असायची, हात चौकटीला टेकून. गाडी दाराशी लागायची तेव्हा चहा कपात ओतून तयार. "तुला कसं कळतं गं, मी आलो ते?" "कळतं." कधी सहाला यायचे, कधी आठला. चहा कधी गार झाला नाही, कधी उकळायचा राहिला नाही. कसं कळत होतं, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना वाटायचं, बायकांना कळतं.

गल्ली शांत होती. आणि मग दूरवरून, मोठ्या रस्त्याच्या गोंगाटातून वेगळा निघून, एक आवाज कोपऱ्याशी आला. वळणावर गाडी क्षणभर दम घेते, तिचा सूर खाली बसतो, घशातल्या घशात हुं केल्यासारखा, आणि वळण घेतलं की पुन्हा चढतो. मास्तरांनी चौकट धरली. बत्तीस वर्षं ते या आवाजाच्या वर बसून आले होते, पण तो त्यांनी कधी ऐकला नव्हता. गाडी वळणावर असा हुंकार देते हे ज्याला घरात उभं राहून वाट पाहावी लागते त्यालाच माहीत. वळणापासून दारापर्यंत किती वेळ लागतो? चहा गाळून कपात ओतायला लागतो तेवढा. बरोबर तेवढा.

त्यांचे डोळे भरून आले, म्हणून गाडी आधी धूसर दिसली. पुढे एक जाडा माणूस. मागे काळी, लांब, रिकामी सीट. आपण रोज असे दिसतो तर. दूध आणायला, औषधाला, कुठेच नाही अशा ठिकाणी जाऊन परत यायला.

मग डोळे पुसले आणि त्यांना दिसलं.

खट्-टिक. डाव्या बाजूला, मागे बसणाऱ्यानं पाय ठेवायचा तो लोखंडी फूटरेस्ट उघडा होता, आणि फरशीच्या प्रत्येक सांध्यावर उडत होता. उडे तेव्हा खट्, खाली पडे तेव्हा टिक. सगळ्या गाडीत तेवढा एकच हलत होता.

"वाजतंय, मास्तर!" मिस्त्री गाडी लावायच्या आधीच ओरडत होता. "आईशप्पथ वाजतंय! खट्-टिक, टिक! तुमचे कान काय आहेत की काय आहेत! पण येतंय कुठून ते—"

"डावा फूटरेस्ट," मास्तर म्हणाले. "मागचा."

मिस्त्री उतरला, वाकला, बोटानं दांडी उचलून सोडली. टिक. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. कपाळ काळं झालं.

"आणि मी याच्यावर पाय ठेवून आवाज शोधत होतो. तीन दिवस! कुणाला सांगू नका, गॅरेज बंद करावं लागेल."

तिथेच पायरीपाशी त्यानं फूटरेस्ट खोलला. त्याची पिन तळहातावर घेऊन उन्हात धरली. "ही बघा. एकाच अंगानं झिजलीय, चंद्रकोर झालीय. उजवीकडची बघा, नवी कोरी. सगळा भार डावीकडेच पडलाय इतकी वर्षं. दांडी दाबून धरणारा एक वॉशर असतो आत, तो होता तोवर झिजूनही घट्ट राहिली. तो महिन्याभरापूर्वी कधीतरी तुटून पडला असणार. पण मिटलेला असता तरी वाजला नसता. हा उघडा का ठेवता?"

मास्तरांनी पिन हातात घेऊन तिची झिजलेली बाजू बोटानं चाचपली.

उतरल्यावर फूटरेस्ट ती कधीच मिटायची नाही. मास्तर करवादायचे, "अगं, मिटत जा ना, पाय अडकतो माणसाचा," आणि वाकून स्वतः मिटायचे. त्या शेवटच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी ती उतरली, नेहमीसारखी, तशीच पुढे गेली. मास्तर घाईत होते. मिटायचा राहिला. परत येताना एकटे आले. आणि नंतर त्यांनी तो मिटला नाही. विसरले होते असं नव्हे. त्यांचा पायच अडकत नव्हता त्यात, दुसऱ्या कुणाचा अडकायला दुसरं कुणी नव्हतं.

"काढूनच टाकू का दोन्ही?" मिस्त्री पिशवीत चाचपत म्हणाला. "आता मागे बसतंय कोण?"

बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो पिशवीत उगीच जास्त वेळ शोधत राहिला.

"लेक बसते," मास्तर म्हणाले. "नीट बसव."

नवी पिन गेली, नवा वॉशर बसला. मिस्त्रीनं दांडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. प्रत्येक वेळी ती टक्क करून जागच्या जागी बसली. मग हात पुसून त्यानं लेकीला फोन लावला.

"ताई, मिस्त्री बोलतोय. ऐकला. हो, या कानांनी. नाही, मास्तरांनी शिकवून ठेवलं नाही, मला शिकवलेलं कुठं लक्षात राहतं? मागचा फूटरेस्ट. मागे माणूस बसलं की दबायचा, म्हणून आपल्याला येत नव्हता. देतो."

मास्तरांनी फोन कानाला लावला.

"बाबा, मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं."

"बरं केलंस. कान उत्तम आहेत म्हणाल्या त्या."

ती हसली, नाक ओढत. "डावा ना? आईचा?"

"हो."

"रविवारी येते. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून सांगते."

मिस्त्री गेला. स्कूटरचा ढणढणाट कोपऱ्यावर जाऊन विरला. एक चक्कर मारून बघायला हवी होती, आणि ती एकट्यानंच मारायला हवी होती. मास्तर निघाले. फरशी आली, सांधे आले, खड्डा आला. काही नाही. मोठ्या रस्त्याला लागून झाडाशी वळले, परत फिरले. मागे कुणीच येत नव्हतं. महिनाभर ज्याला घालवायला धडपडले, तो जाता जाता केवढी जागा रिकामी करून गेला हे त्यांना आत्ता कळत होतं. वळणावर गाडीनं हुंकार दिला. दारात कुणी नव्हतं.

त्यांनी इंजिन बंद केलं, स्टँड लावला. मिस्त्रीनं फूटरेस्ट उघडाच ठेवला होता. मास्तर बघत राहिले. मग एक हात रिकाम्या सीटवर टेकवून, गुडघे सांभाळत, वाकले.

"अगं, मिटत जा ना," ते म्हणाले, "पाय अडकतो माणसाचा."

टक्क.